डिझायनर घरी येण्याआधी

ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत 1974 सालची, तीन मजली. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वायरिंग नव्याने करायचं ठरलं, इंटिरियर डिझायनरची पहिली भेट शनिवारची पक्की झाली, आणि घरात मोबाइलवर फोटो जमू लागले. मधोमध सुटा ओटा, काचेची कपाटं, उघडं स्वयंपाकघर. सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "तुमच्या मनासारखं करा गं. मला काय, सगळं चालतं."

घरात सर्वांत जास्त वेळ ओट्यापाशी त्याच असतात. परक्या माणसासमोर त्या काही मागणार नाहीत, हे मी जाणून होते. म्हणून फोटो बाजूला ठेवले आणि त्यांचं काम बघत बसले.

कणीक मळताना त्या पायाखाली पाट घेतात. इतकी वर्षं ते डोळ्यांसमोर होतं. टेप लावली तेव्हा ओटा 34 इंच भरला आणि सासूबाईंचं कोपर जमिनीपासून 36 इंच. खांदे न उचलता मळायचं, चिरायचं तर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, म्हणजे त्यांना 30 ते 32. मी उंच, मला आहे तोच बरा. वहीत पहिला प्रश्न उतरवला: ओटा दोन उंचींचा करता येईल का? शेगडीवर पातेलं चढलं की त्याचा काठ आणखी वर जातो, तेव्हा शेगडीची बाजू तरी खाली हवीच.

न्हाणीघराचं दार आत उघडतं. आत कुणी पडलं तर दार त्याच्याच अंगावर अडकणार. ते बाहेर उघडणारं हवं, आणि कमोडशेजारी धरायला दांडा. दांड्याची जागा टाइल लावण्याआधी ठरली तर पाइप आणि वायर त्या जागेपासून दूर नेता येतात.

मग माळा उतरवला. पुरणयंत्र, सोऱ्या, गणपतीचं मखर, पापड-कुरडयांचे डबे, पाहुण्यांच्या गाद्या, आणि वर्षाच्या गव्हाची कोठी. फोटोतल्या एकाही स्वयंपाकघरात ही कोठी मावली नसती. एकेका वस्तूची लांबी-रुंदी लिहिली. काय टाकायचं हे सासूबाईंनीच ठरवलं. कोठी राहिली.

उघड्या स्वयंपाकघराचा हट्ट माझ्या नवऱ्याचा होता. पण मधली भिंत नऊ इंची विटांची आणि घरात कुठे खांब दिसत नाहीत, त्यामुळे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. इमारत लोड-बेअरिंग, वरचा भार याच भिंतींवर. भिंत पाडायची नाही. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यामुळे नोंदणीशिवाय कुणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. इंटिरियर डिझायनरला तशी अट नाही, म्हणून भिंतीचा निर्णय डिझायनरवर सोडला नाही. चांगले डिझायनर स्वतःच इंजिनिअरचा सल्ला मागतात, तरी जुन्या इमारतीत हे उत्तर घरच्यांनी आधीच हाताशी ठेवावं असं मला ठामपणे वाटतं. खाली आणि वर माणसं राहतात.

पैशांचं थोडक्यात उरकलं. एकूण रक्कम ठरवली आणि तिचा दहावा हिस्सा बाजूला काढला, कारण जुनी फरशी उखडल्यावर खाली काय निघेल ते आधी दिसत नाही. वहीत आणखी प्रश्न गेले: फी चौरस फुटावर की खर्चाच्या टक्क्यांवर? साहित्य आम्ही आणलं तर चालेल? सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चा मरीन प्लायवूड लावणार ना? सोसायटीच्या परवानगीसाठी नकाशे कोण देणार?

डिझायनरबाईंनी भेटीसाठी त्यांच्या ऑफिसात संध्याकाळची वेळ दिली होती. मी फोन करून विनंती केली, सकाळी दहाला घरीच या, स्वयंपाक चालू असताना. त्या लगेच हो म्हणाल्या. सासूबाईंना सांगितलं तशी त्यांनी वही मागून घेतली आणि शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: भाजी निवडायला खिडकीपाशी बसायची जागा. पंख्याचा वारा शेगडीवर नको.