कॉनंडेलच्या बेडकीसाठी

दिसायला तिच्यात काही खास नव्हतं. जेमतेम दोन इंच लांब, ओल्या दगडाच्या रंगाची, बुळबुळीत, बोथट तोंडाची. डोळे तेवढे मोठे आणि वर आलेले. बाकीचं अंग पाण्यात ठेवून नुसत्या डोळ्यांनी जग बघता यावं असे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला, क्वीन्सलंड राज्यात, ब्रिस्बेनच्या उत्तरेला कॉनंडेल आणि ब्लॅकॉल नावाच्या डोंगररांगा आहेत. तिथल्या घनदाट जंगलातल्या खडकाळ ओढ्यांत तिचा सगळा संसार होता. पाणी सोडून ती फारशी कुठे जात नसे. नराची साद अर्ध्या सेकंदाची, शेवटाकडे चढत जाणारी. मग सहा-सात सेकंद शांतता आणि पुन्हा तीच साद.

1973 साली डेव्हिड लीम यांनी तिचं शास्त्रीय वर्णन लिहिलं, तिला नाव दिलं. 1981 नंतर जंगलात ती कुणालाही दिसली नाही. त्या ओढ्यांत ती लाखो वर्षं नांदली आणि शास्त्राशी तिची ओळख राहिली अवघी आठ वर्षांची. त्या आठ वर्षांत तिने जे दाखवलं ते पृष्ठवंशी प्राण्यांच्या जगात त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिच्या आणि तिच्या एका बहिणीच्या पलीकडे पुढेही कुठे दिसलं नाही.

ते कळलं तेही योगायोगाने. 1973 च्या अखेरीस ख्रिस कॉर्बेन आणि ग्लेन इन्ग्रॅम हे अभ्यासक यातला एक बेडूक काचेच्या टाकीत ठेवून बघत होते. टाकीचं पाणी बदलताना तो वर आला, त्याने कुशी आत ओढल्या आणि तोंडातून सहा जिवंत बेडूकमासे बाहेर टाकले. दोघांना वाटलं, हा नर असणार. चिलीच्या जंगलात डार्विनच्या नावाचा एक बेडूक आहे, त्याचा नर पिल्लांना गळ्याच्या पिशवीत वाढवतो. तसंच काहीतरी हे असेल. पुढे त्याच तोंडातून पूर्ण वाढीची इवली बेडकं निघाली, तेव्हा आत डोकावणं भाग पडलं. तो नर नव्हताच. ती आई होती. आणि पिल्लं गळ्यात नव्हती, जठरात होती. जिथे किडा पडला की विरघळतो, त्या जागी.

1974 साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. पुढे ॲडलेडचे मायकेल टायलर यांनी तिचा ध्यासच घेतला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक पदर उलगडला, आणि प्रत्येक पदर आधीच्याहून थक्क करणारा निघाला.

फलित अंडी आई गिळायची. अंडाशयात चाळीसच्या आसपास अंडी तयार व्हायची, जठरात मात्र वीस-पंचवीस पिल्लंच सापडायची. म्हणजे पहिली काही अंडी बहुधा खरंच पचून जात असावीत. अंड्यांभोवतीच्या चिकट आवरणात एक द्रव्य होतं, प्रोस्टाग्लँडिन ई-2. ते जठराच्या भिंतीला गाठायचं आणि आम्ल झरायचं थांबायचं. अंडी फुटून बेडूकमासे बाहेर आले की त्यांच्या कल्ल्यांतून निघणाऱ्या चिकट स्रावातही तेच द्रव्य असायचं. पिल्लं आतूनच आईला सांगायची, अजून थांब. आणि ती थांबायची. सहा आठवडे, कधी त्याहूनही जास्त, तिच्या तोंडात अन्नाचा कण जात नसे. पिल्लांना दात नसत, ती आईचं काही खात नसत. अंड्यातल्या बलकाची शिदोरी संपेपर्यंत त्यांना वाढायचं असे. ती वाढत तसं जठर फुगत जाई. फुगता फुगता ते बाकीची जागा व्यापून टाकी, फुप्फुसं दबून चपटी होत आणि तिला श्वास घ्यायला फक्त कातडी उरे.

बाई, तुला भूक लागत होती का? समोरून पाण्यातला किडा सरकत गेला तर तुझी जीभ शिवशिवायची का? आमच्याकडे पोटाला चिमटा काढून लेकरं वाढवलेल्या आयांच्या कितीतरी गोष्टी आहेत. त्या ऐकतच आम्ही मोठे झालो. पण घेतलेला श्वासही लेकरांसाठी बाजूला ठेवणारी आई आम्ही ऐकली नव्हती. तू विचार करून हे केलं नसशील, ते तुझ्या देहातच लिहिलेलं होतं, हे मला कळतं. तरी माझं मन तुझ्यापुढे वाकतं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

टायलर यांनी टिपलेलं एक छायाचित्र आहे. बेडकीने तोंड सताड उघडलंय आणि तिच्या जिभेवर एक पिल्लू बसलंय. बोटाच्या पेरावर मावेल एवढं, पण हात, पाय, डोळे सगळं जागच्या जागी. त्याचं तोंड बाहेरच्या उजेडाकडे आहे. आईच्या खालच्या जबड्याची कड त्याच्या पुढ्यात उंबऱ्यागत आहे आणि ती अजून ओलांडायची आहे. मी हे छायाचित्र पुन्हा पुन्हा काढून बघते. अशी एकेक करत सगळी बाहेर पडायला कधी कधी काही दिवस लागायचे. धक्का बसला, कुणी पकडलं, तर मात्र ती सगळ्यांना एका उबळीत बाहेर फेकायची. पिल्लं गेली की काही दिवसांत जठर पुन्हा जठर व्हायचं, आम्ल झरू लागायचं आणि ती खायला लागायची.

ती अंडी नेमकी कधी आणि कशी गिळते, हे मात्र कुणी पाहिलं नाही. एकदाही नाही. घातल्या घातल्या, की थोडी वाढल्यावर? सगळी एकदम, की वेचून वेचून? तो क्षण तिने स्वतःजवळ ठेवला. कुठल्याही उत्तरापेक्षा मला हा न पाहिलेला क्षण जास्त छळतो.

आम्लाच्या रहस्याने डॉक्टरांचेही कान टवकारले. जठर स्वतःचं आम्ल बंद करू शकतं, हवं तेव्हा परत सुरू करू शकतं. अल्सरने तळमळणाऱ्या माणसांसाठी यात काही निघेल का? पिल्लं आम्ल कसं थांबवतात याचा टायलर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 1983 साली 'सायन्स'मध्ये आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रयोगशाळेत सांभाळलेली शेवटची बेडकी मेली. ब्लॅकॉलच्या ओढ्यांतून ती आधीच गेली होती, 1981 च्या सप्टेंबरानंतर कॉनंडेलमध्येही नव्हती.

मग थोडा काळ असं वाटलं की दैवाला दया आली. 1984 च्या जानेवारीत मायकेल माहनी यांना शेकडो किलोमीटर उत्तरेला, मॅके शहराजवळच्या यंगेला राष्ट्रीय उद्यानात तिची बहीण सापडली. अंगाने मोठी, पोटाकडे पिवळ्या-नारिंगी डागांची, आणि तीही पिल्लांना जठरात वाढवणारी. जंगल राखीव, झाडाला कुऱ्हाड नाही, ओढे स्वच्छ. आता हिचा सावकाश अभ्यास करता येईल, असं वाटण्यासारखं सगळं होतं. 1985 च्या मार्चमध्ये ती शेवटची दिसली. सव्वा वर्षात आली आणि गेली.

झाड पडलं नव्हतं, पाणी आटलं नव्हतं, आणि बेडूक नव्हते. अभ्यासकांना बरीच वर्षं याचा उलगडा झाला नाही. 1998 साली ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतल्या मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक बुरशी सापडली, कायट्रिड. तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. ते बेडकाच्या कातडीत शिरतात, कातडी जाड होते, तिच्यातून होणारी क्षारांची ये-जा बिघडते आणि शेवटी हृदय थांबतं. ब्रिस्बेनच्या परिसरात 1978 साली पकडून जपून ठेवलेल्या बेडकातही ती पुढे आढळली. दोघी बहिणींच्या मृत्यूचा सगळ्यात दाट संशय तिच्यावरच आहे. मूळची ती पूर्व आशियातली असावी, असं जनुकीय अभ्यास सांगतो. बेडकांचा व्यापार जगभर चालतो, खाण्यासाठी, पाळण्यासाठी, प्रयोगांसाठी. त्या खोक्यांतून आणि पाण्यातून ती खंडोखंडी पोचली. 2019 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगभरात किमान 501 उभयचर जातींना या रोगाचा फटका बसला, त्यांतल्या 90 बहुधा कायमच्या गेल्या. कुणी वैर धरून हे केलं नाही. खोकी उचलली, पाणी ओतलं, पुढच्या कामाला लागले. आणि घाला पडला तो कातडीवर, पोटात पिल्लं असताना जिच्यातून ती श्वास घ्यायची त्याच कातडीवर.

पितृपक्षात ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते. तर्पणाचं पाणी तर ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत साऱ्यांसाठी सोडतात. माझ्या आजोबांना ओंजळीतलं ते पाणी सोडताना मी लहानपणी बघितलं आहे. त्यात बेडकीचाही वाटा असतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या सह्याद्रीतही थक्क करणारे आईबाप आहेत. कोयनेजवळच्या हुंबरळीच्या ओढ्याकाठी पावसाळ्यात रात्री विजेरी मारली, तर पाण्यावर ओणवलेल्या पानाखाली काचमण्यांसारख्या अंड्यांचा पुंजका लोंबताना दिसतो, आणि जवळच त्यांची राखण करणारा नर. हुमायून अब्दुलालींच्या नावाने ओळखला जाणारा हा रातबेडूक. त्याच्या मीलनाची रीत जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बेडकात पूर्वी नोंदली गेली नव्हती. 2016 साली ती पहिल्यांदा नीट मांडली गेली, तीही याच ओढ्याकाठी रात्ररात्र जागून. आंबोलीच्या सड्यावर एक छोटा भेक राहतो. त्याचं शास्त्रीय बारसं 2009 चं, आणि नाव पडलं तेव्हाच त्याचं जग अगदी लहान होतं. पहिला पाऊस लागला की तो जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात काही दिवस अंडी घालतो आणि त्याच दिवसांत धबधबे बघायला निघालेल्या गाड्यांच्या चाकांखाली येतो. कायट्रिड सह्याद्रीतल्या बेडकांवरही सापडली आहे. इथे तिने अजून तसा संहार केल्याची नोंद नाही. तरी एका दरीतून दुसऱ्या दरीत जाताना बूट धुऊन, वाळवून जावं, असं अभ्यासक सांगतात. मी धुते. हौशी ट्रेकर मंडळींना हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, त्याला माझा इलाज नाही.

टायलर यांनी सत्तरच्या दशकात कॉनंडेलच्या काही बेडक्या साध्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून दिल्या होत्या. त्यांतल्या पेशींची केंद्रकं काढून न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या माइक आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दूरच्या नात्यातल्या, पट्टेरी पायांच्या एका बेडकाच्या अंड्यात घातली. 2013 साली त्यांनी जाहीर केलं की काही अंडी विभागू लागली, त्यांचे चिमुकले भ्रूण झाले, आणि त्यांच्यात तिचीच जनुकं होती. काही दिवसांत ते सगळे भ्रूण मेले. बातमी वाचून मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. उद्या त्यांना यश आलं तर मी रडेनही. पण ती बुरशी अजून क्वीन्सलंडच्या ओढ्यांत आहे. तिथे सोडता येत नसेल, तर परत आलेली बेडकी पुन्हा काचेच्या टाकीतच राहील, आणि तिथे तिने अंडी गिळली तर तो क्षण कॅमेऱ्यासमोर घडेल.

यंगेलाच्याच ओढ्यांतला आणखी एक लहानसा बेडूक त्याच सुमारास दिसेनासा झाला होता. 1992 साली त्याचे काही जीव पुन्हा सापडले आणि आजही ते तिथे आहेत. म्हणून दोघी बहिणींना शोधायला पुढेही माणसं जात राहिली, पावसात, रात्री, गुडघाभर पाण्यात दगडांखाली विजेरी मारत. त्यांच्या वह्यांत दोघींच्या नावापुढे दर वेळी शून्य पडलं. तरी ती माणसं पुन्हा गेली. मला त्यांच्यात वेडेपणा दिसत नाही.