उद्याचे प्रकरण

वाचकहो, घरात दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर औषधांच्या वेळा, पथ्यपाणी आणि व्यायाम यांविषयी आपणांस पुष्कळ सांगितले गेले असेल. परंतु दुपारी तीन ते सहा या वेळेचे काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. जेवण झालेले असते, गोळ्या दिलेल्या असतात आणि ते माणूस आढ्याकडे पाहत पडून असते. या तीन तासांत आमच्या घरी उपयोगी पडलेल्या एका जुन्या कादंबरीविषयी मी लिहीत आहे.

ती कादंबरी म्हणजे नाथमाधवांची १९१३ सालची ‘वीरधवल’. राजघराणे, कारस्थाने, प्रेम आणि जादू यांनी भरलेली. मराठी कादंबरीच्या प्रारंभीच्या काळात अशा अद्भुतरम्य कथांची चलती होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालची. पुढे हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीला राजवाड्यातून मध्यमवर्गीय घरात आणले. तरीही अद्भुताची ओढ वाचकांच्या मनातून गेली नाही, हे ‘वीरधवल’च्या लोकप्रियतेने दाखवून दिले.

हे पुस्तक लिहिणारा माणूस कोणत्या अवस्थेत होता, हे शुश्रूषा करणाऱ्याने अवश्य जाणून घ्यावे. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. १९०५ साली शिकारीच्या निमित्ताने गेले असता ते सिंहगडाच्या कड्यावरून पडले. वयाची पंचविशीही उलटली नव्हती. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. रुग्णालयातील दिवसांत त्यांनी वाचनाचा आधार घेतला आणि पुढे लेखणी हाती धरली. ‘सावळ्या तांडेल’, ‘वीरधवल’, ‘डॉक्टर’ आणि अनेक ऐतिहासिक कादंबऱ्या त्यानंतरच्या. १९२८ साली, अवघ्या ४६व्या वर्षी ते गेले. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते, त्याने वाचकांना राजवाड्यांतून आणि रानावनांतून हिंडवून आणले.

पलूसला आमच्या घरी सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. हाड जुळले, मन मात्र उठेना. दिवसातून तीनदा खुर्चीत बसवा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, स्नायूंची शक्ती जाते. सासूबाईंचे उत्तर ठरलेले असे, “कशाला बसवतीस? आज न्हाई तर उद्या जायचंच हाय.”

लग्नापूर्वी त्यांनी ‘वीरधवल’ अर्धीच वाचली होती, हे मला ठाऊक होते. सासरी आल्यावर पुस्तक हाती लागले नाही आणि पुढे संसारात ते मागे पडले. वाचनालयातून मी ते आणले आणि एकच अट घातली. “आत्या, खुर्चीत बसला तर वाचीन.” पहिल्या दिवशी त्या दहा मिनिटे बसल्या. काही दिवसांनी अर्धा तास. एका संध्याकाळी मी पुस्तक मिटले, तेव्हा त्या म्हणाल्या, “उद्या जरा लवकर आवर गं. त्याचं पुढं काय झालं ते कळल्याबिगर झोप लागायची न्हाई.” ‘उद्या’ हाच शब्द, पण त्याचा अर्थ पालटला होता.

यजमानांना हे वाचन प्रथम रुचले नाही. आमचे सासरे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात होते. तेथून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकाने अंधश्रद्धेवर सतत प्रहार केले आणि त्या विचारांचा आमच्या घराला अभिमान आहे. “आईला जादूच्या गोष्टी कसल्या ऐकवतेस?” असे ते म्हणाले. याच सुमारास एक आप्त अंगारा आणि ताईत घेऊन आले. सासूबाईंनीच ते नम्रपणे परत केले. “पुस्तकातली जादू पुस्तकातच ऱ्हाती. ती काय पैसं मागत न्हाई, का गोळ्या बंद करा म्हणत न्हाई,” असे त्या म्हणाल्या. यापेक्षा नेमका भेद मला करता आला नसता.

दरबारातील कारस्थानांचा आणखी एक गुण ध्यानात आला. आजारी माणसाला दिवसभर सर्वजण सांगत असतात, हे खा, ते खाऊ नका, हात वर करा. त्याचे मत कोणी विचारत नाही. कारस्थानाच्या कथेत मात्र खरे कोण, दगलबाज कोण, हे ओळखावे लागते. चार जावांच्या घरात आणि भावकीच्या वादांत आयुष्य गेलेल्या सासूबाईंना हे माझ्याहून आधी उमगे. त्या अर्ध्या तासात रुग्ण आणि शुश्रूषा करणारी असे नाते उरत नसे.

आपण हा प्रयोग करणार असाल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. ज्या कानाने बरे ऐकू येते, त्या बाजूला बसावे. सावकाश वाचावे, पण मुलांशी बोलतो तसा सूर लावू नये. विस्मरण होत असल्यास आधीची कथा चार वाक्यांत सांगून पुढे जावे. विस्मरणामुळे कल्पित आणि वास्तव यांत गोंधळ होत असेल, तर भीतिदायक प्रसंग टाळावेत. वाचन अंथरुणातच करावे लागत असेल, तर दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम मोडू नये. उदासी आणि अन्नावरची वासना जाणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, किंवा एकाएकी भ्रमिष्टपणा आला, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे. कथा हे औषध नव्हे.

सासूबाई आता वॉकर घेऊन सोप्यापर्यंत येतात. ते श्रेय शल्यचिकित्सकांचे आणि त्यांच्या स्वतःच्या व्यायामाचे आहे. पुस्तकाने त्यांना व्यायामापुरते खुर्चीत बसते केले, एवढेच.

वाचन संपवाल, तेव्हा प्रसंग रंगात असतानाच थांबा. खुणेचा कागद पानात घाला आणि पुस्तक कपाटात न ठेवता उशाशी, रुग्णाला दिसेल असे ठेवा.