नकाशाची साक्ष

वकिलाच्या लेखी नकाशा हा मुका साक्षीदार होय. आमच्या बेळगुंदीच्या पंचक्रोशीतील एका देवस्थानाच्या सभामंडपाचा तंटा काही वर्षांपूर्वी मजकडे आला, तेव्हा हा साक्षीदार दोन तोंडांनी बोलत असल्याचे आढळले. तळनकाशात खांब एका जागी, छेदनकाशात दुसऱ्या. बांधलेले काम पाडावे लागले आणि भाविकांनी पै पै करून दिलेला पैसा वाया गेला.

दोन्ही नकाशे ऑटोकॅडवर काढलेले, रेघा देखण्या. परंतु एकीला दुसरीची वार्ता नव्हती. १९८२ साली निघालेल्या ह्या साधनाने टी-स्क्वेअरला निवृत्त केले, तरी काम पुष्कळसे जुनेच राहिले. भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. त्यांना भिंत मानावयाचे ते पाहणाऱ्याने.

आता दुसऱ्या एका देवस्थानाचे विश्वस्त विचारीत आहेत, नवा मंडप ‘बिम’, अर्थात बिल्डिंग इन्फॉर्मेशन मॉडेलिंग, ह्या रीतीने आखून घ्यावा काय? हीत भिंत ही भिंत म्हणूनच नोंदली जाते; उंची, जाडी, चिरा की वीट, सारे तिच्यासवे. सारे नकाशे एकाच प्रतिकृतीतून निघत असल्याने खांब एकदा हलविला की तळनकाशा, छेद आणि मोजमापांचे तक्ते सर्वच बदलतात. नागपूर मेट्रोची गाडी २०१९ साली धावू लागली. तिच्या उभारणीत ह्या प्रतिकृतीला काळ आणि खर्च ही आणखी दोन परिमाणे जोडलेली होती.

मी विश्वस्तांना होकार दिला, परंतु अटीवर. कागद परस्परविरुद्ध बोलले, तरी प्रत्येकावर सही असे. कोण बोलले ते कळे. एका प्रतिकृतीत मात्र वास्तुविशारद, इंजिनियर, वीजकाम पाहणारा अशा अनेकांचे हात लागतात. म्हणून कोणता भाग कोणाचा आणि वाद पडल्यास प्रतिकृती प्रमाण की सही केलेला नकाशा, हे करारातच लिहावे. अंतिम प्रत देवस्थानाच्या ताब्यात ठेवावी. उद्या ती न्यायालयात मांडावयाची झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागेल, हेही ध्यानी असावे.

दोन रेघांतील विसंगती यंत्र दाखवील. ती पाहून काम थांबविण्याचे दायित्व मात्र कोणा माणसाच्या नावावरच असले पाहिजे. कारण दानाचा हिशेब भाविक यंत्राला विचारीत नाहीत, विश्वस्तांना विचारतात.