लुटुपुटूची लढाई

आम्हां छत्रपती संभाजीनगरकरांचा आणि समुद्राचा संबंध काय तो मिठापुरता! देवगिरीच्या सान्निध्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला किल्ला म्हटला की उभा तासलेला कडा, खंदक आणि काळोखी 'अंधारी' एवढेच आठवते. पण १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा धान्य समजून वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले आणि रामदेवरायाला तह करावा लागला, अशी कथा आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. बंदोबस्त कितीही चोख असो, घात होतो तो न तपासलेल्या गोणीने!

हा धडा गाठीशी बांधूनच मी ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदलाची प्रात्यक्षिके पाहावयास गेलो. १९७१ साली याच तारखेच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर हल्ला चढविला. त्याच्या स्मरणार्थ हा नौदल दिन. तो त्या वर्षी सिंधुदुर्गाच्या सान्निध्यात साजरा झाला, हे उचितच होते. जमिनीचे राज्य राखावयाचे तर समुद्रही राखला पाहिजे, हे ओळखून शिवछत्रपतींनी १६६४ साली त्या दुर्गाचा पाया घातला होता.

माझ्याबरोबर वैजापूरकडची एक बाई होती. तिचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. कॉलेजात येईपर्यंत त्याने विहिरीपलीकडे पाणी पाहिले नव्हते. आता तो समोरच्या युद्धनौकांपैकी एकीवर होता. विमाने कानठळ्या बसवीत गेली, हेलिकॉप्टरांतून कमांडो दोरावरून सरसर उतरले, लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईने पदर घट्ट धरून विचारले, "सर, हे लुटुपुटूचंच हाय ना?"

"होय, ताई."

"मग खरं असतं तवा कसं असतं?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात होते, परंतु ते त्या माउलीस सांगवेना. कराचीच्या विजयानंतर पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडविली. अठरा अधिकारी व १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. तेथे टाळ्या वाजवावयास कोणी नव्हते. आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी तर गडगडाटही झाला नाही. पळविलेल्या 'कुबेर' या मासेमारी नौकेतून आणि पुढे एका लहानशा रबरी होडीतून दहा माणसे मुंबईच्या कोळीवस्तीपाशी उतरली. देवगिरीची गोणी पुन्हा एकदा न तपासताच आत आली!

त्यानंतर, २००९ साली, किनाऱ्यासह साऱ्या सागरी सुरक्षिततेची सूत्रे नौदलाकडे आली. मग ही प्रात्यक्षिके केवळ तमाशाच म्हणावयाची काय? मला तसे वाटत नाही. तालमीवाचून कुस्ती नाही, हे कोणताही पैलवान सांगेल. मात्र खरा पहारा प्रेक्षणीय नसतो. काळोख्या रात्री एखाद्या होडीजवळ जाऊन तिचे कागद पाहणारा, शंभर वेळा काही न सापडूनही एकशेएकाव्या वेळी तितक्याच बारकाईने पाहणारा माणूस, हाच तो पहारा. त्याचे यश एवढेच, की काही घडले नाही. आणि जे घडलेच नाही त्याला टाळी कोण देणार?

अंधार पडला. नांगरलेल्या नौका दिव्यांनी उजळल्या. "आमचा कंच्या बोटीवर असंल?" बाईने विचारले. मला ठाऊक नव्हते. तिनेच मग दूरचा एक दिवा निवडला, आणि बाकीची गर्दी उठून गेली तरी ती त्याच्याकडेच पाहत उभी राहिली.