शोयाची गोष्ट सांगायलाच हवी होती

ज्याने छळ केला, त्याच्या दुःखाची गोष्ट सांगू नये, असं माझं ठाम मत होतं. वर्गातल्या एका मुलीला रडवणाऱ्या मुलाला नायक केलं, त्याचा पश्चात्ताप देखण्या चित्रांतून दाखवला, की प्रेक्षक आपसूक त्याच्या बाजूला जातो आणि जिने सोसलं ती मागे पडते. म्हणूनच ‘अ सायलेंट व्हॉइस’ हा जपानी अ‍ॅनिमे चित्रपट मला पहिल्यांदा पटला नव्हता. आज मी तोच चित्रपट शाळेतल्या सहकाऱ्यांना आग्रहाने बघायला सांगते. मत नेमकं कशाने पालटलं, ते मोकळेपणाने मांडावंसं वाटतं.

योशितोकी ओइमा यांची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २०१३-१४ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. २०१६ मध्ये क्योटो अ‍ॅनिमेशनने तिच्यावर चित्रपट केला. दिग्दर्शन नाओको यामादा यांचं. सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही ऐकू न येणारी मुलगी नव्याने येते. हातातली वही पुढे करते आणि यात लिहून माझ्याशी बोला, अशी विनंती करते. शोया इशिदा तिची टिंगल करतो, तिची श्रवणयंत्रं हिसकावून फेकतो. काही मुलं साथ देतात, बाकीची हसतात, शिक्षक काणाडोळा करतात. प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जातं, तेव्हा मात्र सगळ्यांची बोटं एकट्या शोयाकडे वळतात आणि तोच वर्गाचा नवा बळी होतो. शोको शाळा सोडते. काही वर्षांनी दोघं पुन्हा भेटतात, तिथून खरी गोष्ट सुरू होते.

माझे आक्षेप दोन होते. एक, शोयाच्या अपराधीपणाला चित्रपटाने मोठेपणा दिला आहे. दोन, सतत हसणारी, सतत माफी मागणारी शोको ही केवळ शोयाला सुधारण्यासाठी उभी केलेली मुलगी आहे.

पहिला आक्षेप सुटला तो चेहऱ्यांवरच्या फुल्यांमुळे. शोयाला आसपासच्या माणसांच्या चेहऱ्यांवर मोठाल्या फुल्या दिसतात. तो मान खाली घालून वावरतो, त्यामुळे पडद्यावरही वारंवार नुसते पाय आणि बूट दिसत राहतात. सुरुवातीला मला ती एकटेपणाची खूण वाटली होती. पुन्हा पाहताना ध्यानात आलं, की या फुल्या त्याच्याच मनाने मारलेल्या आहेत. लहानपणी तो शोकोकडे माणूस म्हणून पाहत नव्हता, आता तो कुणाकडेच पाहत नाही. स्वतःला नालायक ठरवल्याने त्याची नजर सुधारलेली नाही, उलट आणखी आखडली आहे. चित्रपट या अपराधीपणाला मोठेपणा देत नाही, तो त्यातला खोटेपणा दाखवतो.

पैशांचा प्रसंग तर फारच नेमका आहे. शोकोच्या मोडलेल्या श्रवणयंत्रांची भरपाई शोयाच्या आईने केलेली असते. शोया सामानसुमान विकतो, काम करून पैसे साठवतो, ते झोपलेल्या आईच्या उशाशी ठेवतो आणि जीव द्यायला निघतो. देणं फेडलं, आता सुटलो, असा त्याचा हिशेब. मरण टळतं. सकाळी न्याहारीच्या वेळी आई त्या पैशांना लायटर लावायची धमकी देत, पुन्हा असं करणार नाही, हे त्याच्याकडून वदवून घेते. त्या गडबडीत नोटा खरंच पेटतात. मी तो प्रसंग आधी गमतीचा म्हणून सोडून दिला होता. पण फेडून मोकळं व्हायची वाटच तिथे जळून जाते. उरतं ते जगणं आणि रोज माणसांना सामोरं जाणं.

शोकोबद्दलचं मत बदललं ते तिच्या धाकट्या बहिणीमुळे. युझुरु मेलेल्या प्राण्यांचे फोटो काढते आणि घराच्या भिंतींवर लावते. ताईच्या मनातून मरणाचा विचार जावा म्हणून तिने ते लावलेले असतात. हे समजल्यावर शोकोच्या हसण्याचा अर्थच बदलतो. आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतो, ही समजूत तिने लहानपणापासून उराशी धरलेली आहे आणि तिची प्रत्येक माफी त्यातून येते. फटाक्यांच्या रात्री ती जीव द्यायला निघते, तेव्हा हे उघड होतं. शोया तिला वाचवतो, स्वतः खाली कोसळतो. शुद्धीवर आल्यावर पुलावर तो तिची माफी मागतो, आणि त्याचबरोबर जगायला मदत कर, अशी विनवणीही करतो. मला त्याची खरी वाढ या विनवणीत दिसते. माफी मागून माणूस सुटका मागू शकतो, पण मदत मागणाऱ्याला नात्यात राहावंच लागतं. आणि आपण ओझं आहोत असं मानणाऱ्या मुलीला कुणालातरी आपली गरज आहे, हे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे ऐकायला मिळतं.

एक तक्रार मात्र अजून कायम आहे. मांगामध्ये शोकोच्या बाजूने जग दाखवणारं एक प्रकरण आहे, त्यात इतरांचं बोलणं तिच्यापर्यंत तुटक, अर्धवट पोहोचतं. चित्रपटात तिच्या मनाला इतकी जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी होती.

तरीही मूळ प्रश्नावर मी आता दुसऱ्या बाजूला आहे. आपल्या शाळांमध्ये असं प्रकरण मिटवायच्या दोनच रीती दिसतात. एक तर ‘सॉरी म्हण, हात मिळव’, नाहीतर त्या मुलाला वेगळं बसवा. शोयाच्या वर्गाने दुसरी रीत वापरली. त्याने शोकोला काय मिळालं? काहीच नाही. हसणारे, साथ देणारे, गप्प बसणारे सगळे निर्दोष ठरले आणि छळ तसाच चालू राहिला, फक्त माणूस बदलला. शोयाची गोष्ट सांगितली नसती, तर त्या वर्गाचा हा सोयीस्कर न्याय आपल्याला दिसलाच नसता. जिने सोसलं तिच्या बाजूने उभं राहायचं, तर ज्याने छळलं त्याचीही गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी लागते, कारण तिला छळणारे बाकीचे सगळे त्याच गोष्टीत सापडतात.