घरचं लिहावं

परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलांचे अर्ज मी बरीच वर्षं वाचतो आहे. मराठवाड्यात अर्थशास्त्र शिकवता शिकवता हे काम आपसूक अंगावर आलं. ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, म्हणजे मुलांच्या बोलण्यातला एसओपी, याबद्दल माझं मत पक्कं होतं: घरची परिस्थिती त्यात आणायची नाही. विषय, वाचन, केलेलं काम, बस. आईचे कष्ट आणि बापाचं कर्ज मांडून कुणाच्या दयेवर जागा मिळवायची नाही, हे मी ठासून सांगायचो. उत्पन्नाचा दाखला जिथे मागतात तिथे जोडावा. गरिबीचा पुरावा तेवढा पुरे.

उदाहरण बाबासाहेबांचं द्यायचो. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीचे चटके ज्यांनी लहानपणापासून सोसले, त्यांनी तिथे स्वतःची कहाणी सांगितली नाही; जात तयार कशी होते, टिकते कशी, एवढंच मांडलं. हा ताठपणा मला फार मोलाचा वाटायचा. आजही वाटतो.

माझं मत बदललं ते बीड जिल्ह्यातल्या एका मुलीमुळे. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं, कारखान्याच्या पट्ट्यात कोपी घालून राहायचं, हंगाम संपला की परतायचं. तिला श्रमाच्या अर्थशास्त्रात मास्टर्स करायचं होतं. मसुदा स्वच्छ होता आणि वाचून काहीच हाती लागत नव्हतं. विकास, विषमता, धोरण. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही मुलीच्या नावावर तो खपला असता. मी विचारलं, हाच विषय का घेतेस?

ती म्हणाली, “सर, माझ्या आईची मजुरी किती, हे मला अजून काढता येत नाही.”

मग ती सांगत गेली. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतो बाप, हिशेब त्याच्याच नावावर. आई मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये चढवते, पहाटे उठून भाकरी थापते ती वेगळीच. पण टनामागचा दर जोडीचा. एक दिवस काम बुडलं की खाडा लागतो आणि तो उचलीत चढतो. पाळी असो, ताप असो, खाडा सुटत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा या खाड्याची चर्चा राज्यभर झाली. ही मुलगी त्या खाड्याकडे हिशेब म्हणून बघत होती. पुस्तकातली मजुरी एका माणसाची असते. इथे ती दोघांची मिळून आहे, मग त्यातला बाईचा वाटा कसा मोजायचा आणि किमान वेतन कुणाला लावायचं?

“हे अर्जात का नाही?”

“ते घरचं आहे ना, सर.”

त्या दिवशी मला उमगलं, की घरचं दुःख आणि घरी मिळालेलं ज्ञान या दोन गोष्टी मी एकाच गाठोड्यात बांधत होतो. कोलंबियातला तो निबंधही मी आता वेगळा वाचतो. शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर ज्याला वेगळं बसावं लागलं, त्या मुलाला पडलेला प्रश्न त्यात आहे. कहाणी नसली तरी माणूस पूर्ण हजर आहे.

आता मी मुलांना आधी घरचंच विचारतो. बाप कशाचा हिशेब ठेवतो, पाणी कुठून येतं, कुणाचं काम मोजलं जात नाही. चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीच्या अर्जात हाच अभ्यासक्रम का आणि पुढे काय करणार, असं विचारतात; त्याची उत्तरं या मुलांकडे असतात, फक्त ती उत्तरं आहेत असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणूनच केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज यांवरचे संशोधनविषय वगळले गेले, ते मला झोंबलं. भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठीही असलेली ही योजना. आपल्या घरातून आलेला प्रश्न घेऊन जाणाऱ्यालाच तिथे अडवलं.

तिचा दुसरा मसुदा ‘कोयता’ याच शब्दापासून सुरू झाला. इंग्रजीत तो तसाच ठेवला, पुढे एका वाक्यात अर्थ दिला. शिफारसपत्र मी त्याच हिशेबावर लिहिलं: या मुलीने मला पाठ्यपुस्तकात न सापडणारा प्रश्न दाखवला. निवड समितीत कुणी तरी हे गरिबीचं वर्णन म्हणूनच वाचेल, ही धास्ती गेलेली नाही. म्हणून ‘हालअपेष्टा’, ‘संघर्ष’, ‘अश्रू’ असले शब्द मी अजूनही खोडतो, आणि त्यांच्या जागी टनाचा दर लिहायला लावतो.