शिडी, खांब आणि पडणारी भिंत

भिलाईत राहून 'बर्फी!'बद्दल वाकडं बोलायची सोय नाही. अनुराग बासू इथले. आईवडील दोघंही रंगभूमीवरचे. त्यामुळे टाउनशिपमध्ये विषय काढायचा अवकाश, की 'अपना अनुराग' म्हणून सांगणारा एक तरी माणूस भेटतोच. चित्रपट २०१२च्या सप्टेंबरात आला, भारतातर्फे ऑस्करला पाठवायचा म्हणून लगोलग निवडलाही गेला आणि त्याच सुमारास इंटरनेटवर जोडचित्रफिती फिरू लागल्या. एका बाजूला बस्टर कीटन, दुसऱ्या बाजूला रणबीर कपूर. एका बाजूला चॅप्लिन सरकत्या दारात पोलिसाची मुंडी अडकवतोय, दुसऱ्या बाजूला तेच दार आणि सौरभ शुक्लांचा धापा टाकणारा इन्स्पेक्टर. ही कीटन-चॅप्लिनला मानवंदना आहे, असं बासूंनी सांगितलं. चोरी म्हणणाऱ्यांचं त्यावर समाधान झालं नाही.

मी चित्रपट-रसग्रहणाचे वर्ग घेतो. त्या वर्षीपासून आजतागायत एकही तुकडी अशी आली नाही, जिने हा प्रश्न विचारला नाही: सर, चोरी की सलाम? मला हा वाद दोन्हीकडून उथळ वाटत आलाय. चोरी म्हणणारे फक्त सारखी दिसणारी दृश्यं मोजतात आणि सलाम म्हणणारेही तेवढंच मोजतात. दिग्दर्शकाला घडवणारा सिनेमा बहुतेक वेळा अशा जोडचित्रफितीत सापडतच नाही.

शिडीचंच घ्या. कीटनच्या 'कॉप्स'मध्ये (१९२२) तो एका उंच कुंपणावर आडव्या टाकलेल्या शिडीवर चढतो. दोन्ही टोकांना पोलीस लोंबकळतात आणि शिडी तराजूसारखी वरखाली होत राहते. ज्या टोकाकडे सरकावं, तिथे पोलीस. मधोमध थांबणं हाच काय तो बचाव. या प्रसंगाला जोर येतो तो आधीच्या पंधरा मिनिटांमुळे. गावातलं अख्खं पोलीस दल एका माणसामागे लागलेलं आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे त्या शिडीवर कीटनच्या नशिबाचं गणितच मांडलं जातं. 'बर्फी!'तल्या शिडीवरच्या कसरतीला असं काही मागेपुढे नाही. पाठलाग गमतीचा, इन्स्पेक्टर एक, धोका शून्य. 'सिंगिंग इन द रेन'मधल्या सोफ्याचीही तीच गत. उसनं आणलंय आणि उसनं दिसतंय. इथे मी भिलाईकरांची नाराजी पत्करतो.

आता त्याच चित्रपटातला दिव्याचा खांब पाहा. बर्फी मुका-बहिरा आहे. आपलं माणूस खरंच आपलं आहे का, हे तो शब्दांत विचारू शकत नाही. म्हणून तो रस्त्यावरचा लाकडी खांब बुंध्याशी करवतून ठेवतो आणि त्या माणसाचा हात धरून खाली उभा राहतो. खांब कलतो, कोसळतो, अगदी शेजारी आदळतो. दोस्त पळतो. श्रुती, जिच्यावर त्याचं प्रेम आहे, ऐन वेळी हात सोडवून घेते. आणि पुढे झिलमिल, जिला जग वेडी समजतं, तशीच हात धरून उभी राहते.

वर्गात हा प्रसंग दाखवला की मी लगेच 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर' (१९२८) लावतो. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनच्या अंगावर पडते. तो नेमका माळ्याच्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे भिंत त्याच्या भोवताली पडते आणि तो जिथल्या तिथे. भिंत खरी होती, वजन दोनेक टन, खिडकीतून अंग सुटायला काही इंचांचीच जागा. हे दृश्य सावकाश लावून बघा. भिंत येतेय याचा कीटनला पत्ताच नाही. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. एका शॉटमध्ये सगळं, मध्ये कट नाही, म्हणून तर श्वास अडकतो.

भिंत आणि खांब एकमेकांसारखे दिसत नाहीत. कुणी त्यांची जोडचित्रफीत केलेली माझ्या पाहण्यात नाही. तरी माझ्या मते बासूंमध्ये कीटन खरा मुरला असेल तर तो इथे. पडणारी जड वस्तू आणि न हलणारं माणूस. कीटनकडे त्यातून जगाची बेफिकिरी दिसते, माणूस वाचतो तो योगायोगाने. बासूंनी त्या माणसाशेजारी दुसरं माणूस उभं केलं आणि प्रश्न बदलला: हात सुटतो की राहतो? झिलमिल हलत नाही तेव्हा आपण हसत नाही. श्रुतीचं पुढचं अख्खं आयुष्य त्या एका निसटलेल्या हातात आहे, हे प्रेक्षकाला एकाही संवादाशिवाय कळतं.

मला म्हणायचंय ते एवढंच, की आवडता सिनेमा दिग्दर्शकाला मुभा देतो. असंही करता येतं, असंही चालतं, हे तो पटवतो. बाकीचं सामान ज्याचं त्याने घरून आणायचं. ज्याच्याकडे घरचं सामान नसतं, तो मग दृश्यंच उचलतो.

आपल्याकडे तर सुरुवातच अशी झाली. दादासाहेब फाळके १९११ साली गिरगावात 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये ख्रिस्तचरित्राचा मूकपट बघत होते आणि डोळ्यांपुढे राम-कृष्ण येत होते, हे त्यांनीच 'नवयुग'मध्ये लिहून ठेवलंय. पुढचं आपल्याला पाठ आहे: रात्र रात्र चित्रपट पाहून डोळे जायची वेळ आली, विम्याची पॉलिसी गहाण पडली, लंडनवारी झाली आणि ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्या ख्रिस्तपटातला अमुक शॉट फाळक्यांनी घेतला, असं दाखवायला गेलं तर हाती फारसं लागणार नाही. त्यांनी घेतली ती हिंमत. देव पडद्यावर चालू शकतो ना, मग आमचाही चालेल.

छत्तीसगडमध्ये हेच मनु नायकांनी केलं. 'गंगा मैया तोहे पियरी चढ़इबो' या भोजपुरी चित्रपटाचं यश मुंबईत बसून पाहिलं आणि १९६५ साली 'कहि देबे संदेस' हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला. भोजपुरीत चालतं तर आमच्या बोलीत का नाही? विषय मात्र त्यांनी इथलाच घेतला: जातीबाहेरचं प्रेम. त्यावरून गदारोळही झाला.

पण मराठी वाचकाला हे सगळ्यात चांगलं कळेल ते 'पिंजरा'वरून. शांतारामबापूंच्या १९७२च्या या चित्रपटामागे 'द ब्लू एंजल' (१९३०) हा जर्मन चित्रपट आहे, ही काही लपलेली गोष्ट नाही. शिस्तीचा शिक्षक, नाचणारी बाई, त्याचं घसरत जाणं. सांगाडा तोच. जर्मनीतला कॅबरे गेला आणि तमाशाचा फड आला, एवढ्यावर भागलं असतं तर 'पिंजरा' चांगला अनुवाद ठरला असता आणि गाण्यांसाठी लक्षात राहिला असता. मूळ चित्रपटातला प्राध्यापक रंगमंचावर विदूषक होऊन कोंबड्यासारखा आरवतो, मग आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबलाला घट्ट धरून मरतो. त्याची शोकांतिका त्याच्या एकट्याची आहे. गावाला त्याचं सोयरसुतक नाही.

'पिंजरा'त गाव मध्ये येतं. श्रीराम लागूंच्या मास्तरांचा खून झाला असं गाव समजतं, त्यांचा पुतळा उभारतं, त्यांना देव करतं. इकडे जिवंत मास्तर फडात पानसुपारी-हुक्क्याची हरकामं करत असतो. शेवटी त्याच्यावर खटला उभा राहतो तो स्वतःच्याच खुनाचा, आणि तो गप्प राहतो, कारण खरं सांगितलं तर गावाचा मास्तर मरेल. हे जर्मन चित्रपटात नाही, असूही शकत नव्हतं. ज्या मुलखात शाळामास्तर म्हणजे गावाची सदसद्विवेकबुद्धी असं मानत पिढ्या गेल्या, तिथलाच माणूस ही कलाटणी सुचवू शकतो. सभ्य माणसाची अधोगती इतक्या निर्दयपणे दाखवायची मुभा 'ब्लू एंजल'ने दिली. पुतळा आपला. लागूंच्या शेवटच्या मौनासाठी मी 'पिंजरा'चा भडकपणा दरवेळी माफ करतो, आणि तो काही कमी नाही.

सत्यजित राय यांची गोष्ट सगळे सांगतात म्हणून थोडक्यात. १९५०मध्ये जाहिरात कंपनीने लंडनला पाठवलं, तिथे शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले, त्यात 'बायसिकल थीव्ज' होता. नवखे नट, खरे रस्ते, स्टुडिओबाहेरचा उजेड, यावर पूर्ण चित्रपट उभा राहतो हे दिसलं. 'पथेर पांचाली'त सायकल कुठेच नाही.

नागराज मंजुळे यांच्याकडे आलं की प्रकरण अवघड होतं, कारण त्यांच्या दोन चित्रपटांत दोन वेगळी नाती दिसतात. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड भिरकावतो, थेट आपल्या दिशेने. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'चा (१९७४) शेवटही एका पोराने जमीनदाराच्या खिडकीवर मारलेल्या दगडानेच होतो. मंजुळेंनी तो तिथून घेतला असं मी म्हणत नाही, मला तसं म्हणायचं कारणही नाही. पण चाळीसेक वर्षांत दगडाचं निशाण बदललं, हे पाहण्यासारखं आहे. तेव्हा काच जमीनदाराची फुटली आणि आपण प्रेक्षक पोराच्या बाजूने सुरक्षित बसलो होतो. आता तो दगड आपल्यावर येतो.

'सैराट'मध्ये मंजुळे ज्या सिनेमावर लहानपणापासून प्रेम करत आले, तो जेऊरच्या पोराने पाहिलेला हिंदी सिनेमा, पूर्वार्धात मनसोक्त उधळतात. स्लो मोशन, विहीर, उसाचे फड, अजय-अतुलची लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केलेली सिम्फनी. प्रेक्षक थेटरात नाचले ते उगाच नाही. आणि शेवटच्या प्रसंगात हे सगळं काढून घेतलं जातं. संगीत नाही, आवाजच नाही. फक्त ते मूल आणि पावलांचे लाल ठसे. पूर्वार्धात हिंदी सिनेमावर मनापासून प्रेम केलेलं नसतं तर तो शेवट इतका लागला नसता. हिंदी सिनेमाला नाकं मुरडणाऱ्या दिग्दर्शकाच्या हातून हे होणं कठीण होतं. (आमच्या फिल्म सोसायटीच्या मंडळींना हे सांगितलं की ते चहा संपवून उठतात.)

परत बासूंकडे येतो, कारण त्यांचा सगळ्यात धाडसी चित्रपट माझ्या मते 'बर्फी!' नव्हेच. 'लाइफ इन अ... मेट्रो'मध्ये (२००७) बिली वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट'मधली फ्लॅटची चावी सरळ दिसते, तिथे शोधायला काही उरत नाही. २०१७चा 'जग्गा जासूस' घ्या. नायक तोतरा. बोलताना अडखळतो, गाताना नाही, म्हणून तो गातच बोलतो. मोठ्या नटांना आणि मोठ्या पैशाला घेऊन मुख्य धारेतल्या हिंदी चित्रपटात हे करणं म्हणजे विहिरीत उडी होती आणि तिकीटबारीवर ती तशीच ठरली.

बंगाली घरात वाढलेल्या माणसाला ही मुभा कुठून मिळाली असेल? राय यांच्या 'हीरक राजार देशे'मध्ये (१९८०) जवळजवळ सगळी पात्रं यमकात बोलतात. राजा, मंत्री, सगळे. एकटा शिक्षक साध्या गद्यात बोलतो, कारण त्याच्या विचाराला कुणी साच्यात बांधलेलं नाही. 'जग्गा'त हे उलटं झालंय. जग सरळ गद्यात बोलतं आणि ज्याचा मार्ग वेगळा, तो एकटा गातो. रायकडे लय म्हणजे गुलामी होती, बासूंकडे लय म्हणजे सुटका. हे माझं वाचन आहे, त्यांनी असं कुठे सांगितलेलं मला ठाऊक नाही. पण दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत आणि मग भांडायला यावं.

यात भिलाईचा वाटा किती? १९५५मध्ये सोव्हिएत रशियाशी करार झाला, १९५९मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातली माणसं इथे आली. बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी, आमच्यासारखे विदर्भातून आलेले मराठी. घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, कारखान्यात तिसरी. अशा गावात पोरं हातवाऱ्यांवर आणि चेहऱ्यावर बरंच भागवायला शिकतात. बासूंचे दोन मोठे नायक बोलू न शकणारे आहेत, एक अजिबात नाही आणि एक अडखळत, याचा संबंध मी या गावाशी लावतो. दुसरा संबंध रंगमंचाचा. 'जग्गा'ची अख्खी गोष्ट त्यातली श्रुती ('बर्फी!'तली नव्हे, नाव तेवढं तेच) मुलांना घेऊन रंगमंचावर सादर करते आणि गोष्ट सांगणारे गाता गाता पात्रात शिरतात. भिलाईपासून हाकेच्या अंतरावर गनियारी आहे, तीजनबाईंचं गाव. महाभारत गाऊन सांगायच्या पंडवानीत तीजनबाई एकट्या उभ्या राहायच्या आणि हातातला तंबुरा कधी भीमाची गदा व्हायचा, कधी अर्जुनाचं धनुष्य. गाणं थांबायचं, बोलणं सुरू व्हायचं, परत गाणं. ज्याने हे एकदा पाहिलंय, त्याला गाऊन गुन्ह्याचा तपास करणारा पोरगा विचित्र वाटणार नाही.

'जग्गा' लांबलाय, दोन तास चाळीस मिनिटांच्या पुढे जातो, आफ्रिकेतला भाग तर निम्मा कापला असता तरी चाललं असतं. चालला नाही याचं मला नवल वाटलं नाही. मात्र त्याच्याबद्दल कुणी जोडचित्रफीत घेऊन आलं की मी वर्गात ती लावायला नकार देतो आणि दोन तास चाळीस मिनिटं सलग बसायला सांगतो. मुलं कुरकुरतात. मध्यंतरानंतर एकदोन जागा रिकाम्या असतात. जी उरतात, त्यांच्यातलं कुणी तरी पुढच्या आठवड्यात 'हीरक राजार देशे' मागायला येतं, आणि मग खरा वर्ग सुरू होतो.